कराटेचा बेल्ट सारखा सुटतो? आधी गाठीची दिशा बघा

बेल्ट सुटला की मुलं तो आणखी जोरात आवळतात. चार-सहा किक मारेपर्यंत तो परत सुटतो, मग आणखी जोर. शेवटी पोटावर वळ उठतो, पण गाठ काही टिकत नाही. नवशिक्यांच्या बॅचला मदत करताना हे मी प्रत्येक तुकडीत पाहतो, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा एकच असते: गाठीचा दुसरा टप्पा उलट्या दिशेने बांधणे. ताकदीचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून नवा बेल्ट घ्यायला दुकानात जाण्याआधी खालच्या गोष्टी याच क्रमाने तपासा. सुरुवातीच्या सगळ्या फुकट आहेत, पैसे लागणाऱ्या शेवटी आहेत.

हे सगळं कराटेच्या दोन वेढ्यांच्या बेल्टविषयी आहे. ज्युदोत जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. तायक्वांदोच्या काही संघटनांत एकच वेढा घेतात. तिथे वेढ्याच्या बाबतीत तुमच्या सरांचं ऐका, गाठीचा भाग मात्र तोच आहे.

लक्षणं

- गाठ बांधून झाल्यावर दोन्ही टोकं आडवी राहत नाहीत, एक वर बघतं आणि एक खाली.
- वॉर्मअपमध्येच गाठ सैल होते, कुमितेपर्यंत (समोरासमोरच्या लढतीपर्यंत) सुटते.
- गाठ घट्ट आहे, पण कमरेभोवतीचा बेल्ट ढिला पडतो.
- एक टोक गुडघ्याला लागतं, दुसरं जेमतेम वीतभर.
- पाठीमागे बेल्टची फुली दिसते, थर वर-खाली फाकतात.
- बेल्ट जागेवर असतो, पण ड्रेस छातीशी उघडतो आणि पल्ले बाहेर येतात.
- बेल्ट बरगड्यांकडे चढतो किंवा पोटाखाली घसरतो.
- नवा बेल्ट पुठ्ठ्यासारखा ताठ, गाठ बसतच नाही.

१. गाठ उभी आहे की आडवी?

आरशासमोर उभे राहा. टोकं दोन्ही बाजूंना आडवी निघून मग खाली लोंबत असतील तर गाठ बरोबर आहे, पुढच्या तपासणीकडे जा. एक टोक वर आणि एक खाली असेल तर तुमचा दोष सापडला.

त्याचं कारण समजून घेतलं की आयुष्यभर चूक होत नाही. बेल्टची गाठ म्हणजे दोन अर्ध्या गाठी, एकीवर एक. पहिली डावीकडून उजवीकडे गेली असेल तर दुसरी उजवीकडून डावीकडे जायला हवी. तसं झालं की प्रत्येक टोक ज्या बाजूने फासात शिरतं त्याच बाजूने बाहेर येतं, ताण सरळ रेषेत बसतो आणि दोन्ही फास एकमेकांना आवळतात. स्काउटमध्ये जाणाऱ्या मुलांना ही रीफ नॉट म्हणून माहीत असते. दोन्ही अर्ध्या गाठी एकाच दिशेने पडल्या तर टोकं कमरेच्या बेल्टच्या रेषेत न राहता वर-खाली तिरकी बाहेर पडतात. मग पोट फुगलं, कंबर वळली की तो ताण गाठ आवळण्याऐवजी तिला फिरवतो, आणि फिरता फिरता ती सुटते. जोरात आवळल्याने फक्त सुटायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढंच.

हातांना एकाच दिशेची सवय असते म्हणून ही चूक होते. उजवा हात पुढचं टोक उचलतो, वरून फिरवतो, आत घालतो. दुसऱ्या वेळी पण तेच करतो. बुटाच्या लेसला रोज हीच चूक करणारी कितीतरी मोठी माणसं आहेत. ज्यांची लेस सारखी सुटते आणि फुलाची पाकळी उभी राहते, त्यांचा बेल्टही सुटतो.

डावं-उजवं लक्षात ठेवायला मुलांना जड जातं. मी त्यांना एवढंच सांगतो: पहिल्यांदा जे टोक वर होतं, तेच दुसऱ्यांदाही वर. त्या टोकाला आतून एक लहान रंगीत टाका घाला म्हणजे ते ओळखता येतं. डावखुऱ्या मुलाने सगळं उलट केलं तरी चालतं. आरशातली रीफ नॉटही रीफ नॉटच असते.

चुकलेली गाठ दुरुस्त करताना पूर्ण बेल्ट सोडायची गरज नाही. फक्त दुसरी अर्धी गाठ उकला आणि उलट दिशेने पुन्हा बांधा.

२. टोक दोन्ही थरांखालून गेलं का?

गाठ आडवी आहे, सुटतही नाही, पण दहा मिनिटांत कंबर ढिली पडते, अशी तक्रार असेल तर इथे बघा. बेल्टचे कमरेभोवती दोन थर असतात. पहिली अर्धी गाठ घालताना वरचं टोक दोन्ही थरांच्या खालून, ड्रेसला घासून, वर निघालं पाहिजे. घाईत ते दोन थरांच्या मधूनच निघतं. मग गाठ फक्त बाहेरच्या थराला धरते आणि आतला थर मोकळा फिरत राहतो. गाठ एका बाजूला सरकण्याचंही कारण बहुतेक हेच असतं.

तपासायला सोपं: गाठीच्या वरच्या बाजूने बोट घालून बघा. गाठीमागे बोटाला थेट ड्रेसचं कापड लागलं तर बरोबर. बेल्टचा एक थर लागला तर सोडून परत बांधा.

इथेच एकदा पूर्ण क्रम लिहितो, म्हणजे कुठे काय चुकतं ते कळेल. बेल्ट दुमडून मध्य काढा. मध्य बेंबीच्या थोडा खाली ठेवा. दोन्ही टोकं मागे नेऊन पाठीवर एकमेकांवरून न्या आणि पुढे आणा. पुढे आल्यावर दोन्ही टोकं समान लांब आहेत का ते आत्ताच बघा. गाठ बांधल्यावर ते दुरुस्त होत नाही. डावीकडचं टोक उजव्यावर ठेवा, दोन्ही थरांखालून वर काढा, दोन्ही टोकं ओढून कंबर घट्ट करा. आता हेच वर निघालेलं टोक दुसऱ्या टोकाच्या वरून खाली आणा, त्याच्या मागून घ्या आणि झालेल्या फटीतून बाहेर काढा. दोन्ही टोकं आडवी ओढा, खाली नाही. खाली ओढलं की चांगली बसलेली गाठही वाकडी होते.

३. पाठीवरची फुली

वरच्या पद्धतीत पाठीमागे दोन टोकं एकमेकांना ओलांडतात, आणि तिथे लक्ष दिलं नाही तर फुली पडते. फुली दिसायला वाईट, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे जमिनीवर पडताना, लोळताना तो उंचवटा मणक्याखाली येतो. ज्युदोत उकेमीचा (इजा न होता पडण्याचा) सराव करणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये. दोन्ही हात मागे नेऊन एक थर दुसऱ्यावर बरोबर बसवा, पीळ असेल तर काढा.

फुली टाळण्याची दुसरी पद्धतही आहे. एक टोक शेवटी लोंबवायचं आहे तेवढं आणि वर गाठीपुरतं मोकळं सोडून तिथे बेल्ट पोटाशी धरायचा. उरलेला सगळा बेल्ट कमरेभोवती दोनदा गुंडाळायचा, दुसरा वेढा पहिल्याच्या बरोबर वर. बाहेरचं टोक दोन्ही थरांखालून घालायचं आणि आतल्या टोकाशी गाठ मारायची. पाठ एकदम सपाट राहते. टोकं समान करायला मात्र सवय लागते, म्हणून लहान मुलांना मी आधी पहिली पद्धत शिकवतो.

४. दोष बेल्टचा की ड्रेसचा?

ड्रेस छातीशी उघडत असेल आणि त्यामुळे बेल्ट वर-खाली होत असेल तर बेल्टला हात लावू नका. आधी ड्रेसच्या आतल्या आणि बाहेरच्या दोऱ्या बघा. निम्म्या मुलांच्या त्या तुटलेल्या, गाठ मारून वर खोचलेल्या किंवा धुताना निघून गेलेल्या असतात. विश्व कराटे महासंघाच्या नियमांत बिनदोऱ्यांचं जॅकेट चालत नाही आणि सामना सुरू होताना दोऱ्या बांधलेल्या असाव्या लागतात. पल्ला धरून ठेवणं हे दोऱ्यांचं काम आहे. ते बेल्टवर टाकलं की तो सरकणारच. दोरी शिवून घ्यायला कोपऱ्यावरच्या शिंप्याला पाच मिनिटं लागतात.

मग पल्ला: डावा वर, उजवा आत. मुलगा असो वा मुलगी. आई-बाबा समोर उभे राहून बांधतात तेव्हा मुलाची डावी बाजू त्यांच्या उजव्या हाताला येते आणि पल्ला उलटा पडतो. मुलींच्या शर्टाची बटणपट्टी उजवी वर असते, म्हणून त्यांच्या बाबतीत हे जास्त होतं. जपानमध्ये उजवा पल्ला वर घेऊन कपडे फक्त मृतदेहाला नेसवतात, त्यामुळे कुठलेही सेन्सेई (शिक्षक) ते लगेच दुरुस्त करायला लावतात. पालकांना एक विनंती: बांधायला शिकवताना मुलाच्या समोर नाही, मागे उभे राहा आणि त्याच्या खांद्यांवरून हात पुढे घ्या. तुमचा डावा हात तोच त्याचा डावा हात होतो आणि आरशासारखी उलटापालट संपते.

५. बेल्ट कुठे बांधलाय?

बेल्टची जागा शाळेच्या पँटच्या पट्ट्याची नाही. मागून तो कमरेच्या हाडांवर टेकतो, पुढे बेंबीच्या खाली थोडा उतरतो. हाडं त्याला आधार देतात. बेंबीवर किंवा तिच्या वर बांधला तर त्याच्याखाली नुसतं मऊ पोट असतं, आणि श्वासाबरोबर ते आत-बाहेर होत असल्याने तो वर चढत जातो. पोट सुटलेल्या मोठ्या माणसांनी तर पुढून आणखी खाली घ्यावा. सुरुवातीला घसरेल असं वाटतं, पण हाडावर बसला की घसरत नाही.

बांधताना श्वास नेहमीसारखा चालू द्या. छाती फुगवून, पोट कडक करून बांधलं की श्वास सोडताच ढिला. पोट आत ओढून बांधलं की किबा दाचीत (पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहण्याच्या पवित्र्यात) बसताच टोचायला लागतो. बेल्ट आणि ड्रेसच्या मध्ये दोन बोटं सरळ जावीत, मूठ जाऊ नये.

६. बेल्ट नवा आहे का?

यलो किंवा ऑरेंज बेल्टची परीक्षा झाली की पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या तक्रारी एकदम येतात. नवा बेल्ट ताठ असतो. आतल्या कापडाच्या अनेक थरांना समांतर शिलाया मारलेल्या असतात, वर कापडाला खळ असते. तो वाकत नाही म्हणून गाठ नीट आवळत नाही. दोष नाही, वेळ द्यायचा.

वेळ कमी करायचा असेल तर बेल्ट हाताने पुढे-मागे दुमडत पूर्ण लांबीभर जा, घट्ट गुंडाळी करून रात्रभर ठेवा, उलट बाजूने पुन्हा गुंडाळी करा. खुर्चीच्या दांडीभोवती फिरवून दोन्ही टोकं आळीपाळीने ओढली तरी लवकर मऊ होतो. गार पाण्यात एकदा धुतला तर खळ उतरते. पण वेगळा धुवा, लाल आणि निळ्याचा रंग जातो आणि पांढरा ड्रेस कायमचा गुलाबी होतो. सॉफ्टनर वापरू नका. धागे गुळगुळीत होतात आणि गाठीला जी पकड हवी तीच जाते.

बेल्ट धुवायचा नसतो, धुतला तर मेहनत वाहून जाते, असं बरेच जण मुलांना सांगतात. पांढरा बेल्ट घामामातीने मळत मळत काळा झाला, ही गोष्टही त्याच्या जोडीला असते. ती गोष्ट खरी नाही. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी 1883 मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिल्या 'दान' (वरच्या पातळीच्या) श्रेणी दिल्या, आणि त्यानंतर काही वर्षांनी कोदोकान या आपल्या ज्युदो संस्थेत श्रेणीधारकांसाठी काळा बेल्ट ठरवून दिला. कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी यांनी ही पद्धत ज्युदोकडून कराटेत आणली आणि 1924 मध्ये पहिले काळे बेल्ट दिले. मळून काळा झालेला बेल्ट म्हणजे घाम, बुरशी आणि त्वचेची खाज, एवढंच. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, दमट बेल्ट पिशवीत गुंडाळून ठेवला तर चार दिवसांत वास मारतो आणि सुती गाठ ओली होऊन अशी बसते की मुलांच्या बोटांनी सुटत नाही. क्लासवरून आल्यावर तो दोरीवर किंवा दाराच्या कडीला लटकवा.

अशी बसलेली गाठ दातांनी किंवा कात्रीच्या टोकाने सोडवू नका. एक टोक धरा आणि ज्या बाजूने ते निघालंय त्याच्या उलट दिशेने, गाठीवरून पलीकडे, जोरात ओढा. ते टोक सरळ होतं, दुसरं टोक त्याच्याभोवती नुसतं गुंडाळलेलं उरतं आणि सरकवून काढता येतं. हाच गुण ज्युदोत दोष ठरतो: प्रतिस्पर्ध्याचा हात एका टोकात अडकून हिसका बसला की बरोबर बांधलेली गाठही उलगडते. रांडोरीत (ज्युदोच्या मोकळ्या सराव-लढतीत) बेल्ट सुटला म्हणून ज्युदोकाला बोलू नका, तिथे तो सुटतोच. सामन्यात मात्र पंचांनी सांगेपर्यंत स्वतःहून बांधायला जाऊ नये.

७. लांबी मोजा

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तरच टेप घ्या. ड्रेस घालून, बेल्ट जिथे बसतो तिथलं माप घ्या. त्याची दुप्पट करा. दोन्ही टोकांसाठी प्रत्येकी 20 ते 25 सेंटीमीटर आणि गाठीसाठी आणखी साधारण 25 सेंटीमीटर धरा. म्हणजे माप 70 असेल तर 205 ते 215 सेंटीमीटरचा बेल्ट लागेल. बेल्टवर लिहिलेल्या नंबरावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा असतो. दुकानदाराला सेंटीमीटरमध्ये विचारा.

आखूड बेल्टची टोकं गाठीतून निसटतात. लांब बेल्टची टोकं गुडघ्यावर आपटतात, पायात येतात, आणि त्यांच्या हिसक्यांनी गाठ सैल होते. मूल वाढेल म्हणून दोन नंबर मोठा घेणारे पालक पुष्कळ आहेत. ड्रेस थोडा मोठा चालतो, बेल्ट नाही.

स्पर्धेला जाणाऱ्यांसाठी: विश्व कराटे महासंघाचा नियम साधारण 5 सेंटीमीटर रुंदीचा, गाठीच्या दोन्ही बाजूंना 15 सेंटीमीटर मोकळा, आणि टोक मांडीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा खाली न जाणारा बेल्ट मागतो. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ 4 ते 5 सेंटीमीटर रुंदी आणि 20 ते 30 सेंटीमीटरची टोकं सांगतो. कातामध्ये (ठरलेल्या हालचालींच्या सादरीकरणात) बेल्ट कमरेवरून घसरेल इतका सैल होणं हा दोष धरतात, आणि तो पूर्ण सुटून पडला तर खेळाडू अपात्र ठरतो. सामन्यात एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा बेल्ट बांधतो; स्पर्धेच्या ठिकाणी आयत्या वेळी हातात दिला जाणारा असा बेल्ट कुणाच्या मापाचा असतो सांगता येत नाही. त्यामुळे स्पर्धा खेळणाऱ्या मुलाकडे स्वतःच्या मापाचे दोन्ही रंग असावेत. तो खर्च मी अनावश्यक मानत नाही.

८. कापड

शेवटचा आणि सगळ्यात खर्चिक संशय. साटीनचा चकचकीत बेल्ट सुती बेल्टपेक्षा जास्त सरकतो. बऱ्याच जणांचा पहिला ब्लॅक बेल्ट साटीनचा असतो, म्हणून इतकी वर्षं न सुटलेली गाठ तेव्हा सुटायला लागते. गाठ बरोबर असेल तर वापराने साटीनही बसतं. दुसरी अर्धी गाठ आवळताना टोकं सपाट ठेवा, पीळ पडू देऊ नका. रोजच्या सरावाला सुती घ्या, साटीनचा कार्यक्रमाला ठेवा.

हे करू नका

सेफ्टी पिन लावू नका. कुमितेत ती उघडली तर स्वतःच्या पोटात किंवा समोरच्याच्या हातात जाते. गाठ शिवून मागे वेल्क्रो लावू नका. बेल्टवर दुहेरी, तिहेरी निरगाठ मारू नका, कारण मुलाला शौचालयात ती सुटत नाही. आणि मुलांना बेल्ट गळ्यात घालून फिरू देऊ नका, खेळातसुद्धा. याबाबतीत मी क्लासमध्ये कुणाचंच ऐकत नाही.

कधी थांबायचं, कुणाकडे जायचं

सहाव्या तपासणीपर्यंत सगळं करून गाठ टिकत नसेल तर घरी प्रयोग वाढवू नका. बेल्ट घेऊन क्लासच्या दहा मिनिटं आधी जा आणि सरांना समोर बांधून दाखवा. बांधलेली गाठ बघून दोष कळतो, फोनवर सांगून कळत नाही.

बेल्ट आखूड करायचा असेल तर घरच्या मशीनवर बसू नका. इतक्या थरांत सुई तुटते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. बॅगा शिवणाऱ्याकडे जाड कापडाचं मशीन असतं, त्याच्याकडून टोक कापून शिवून घ्या. आतलं कापड दिसेपर्यंत शिलाई उसवलेला सरावाचा बेल्ट मात्र दुरुस्त करत बसू नका, नवा घ्या. उसवलेल्या फटीत बोट अडकतं.

बेल्ट बांधल्यावर मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येत असतील, बधिर होत असेल किंवा आग होत असेल तर बेल्ट लगेच सैल करा. तिथून जाणारी नस घट्ट पट्ट्याने दाबली जाऊ शकते. सैल केल्यावरही हा त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा. हर्निया, सिझेरियन किंवा पोटाची कुठलीही शस्त्रक्रिया झालेली असेल तर बेल्ट बांधण्याआधीच डॉक्टरांना विचारा, आणि सरांनाही सांगून ठेवा.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अनेक महिने शिकवूनही गाठ जमत नसेल, आणि त्याच्या जोडीला शर्टाची बटणं, लेस, पेन्सिल धरणं यातही अडचण असेल, तर त्याला आळशी म्हणू नका आणि सगळ्यांसमोर बांधायला लावू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा. ते गरज वाटली तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतील. अशा मुलांना टप्पे सुटे करून शिकवले की बहुतेक जण शिकतात. तोपर्यंत क्लासला निघताना घरून बेल्ट बांधून पाठवा, आणि सरांना एका ओळीत कळवा की मधे सुटला तर त्यांनी बाजूला घेऊन बांधून द्यावा.